काठ, कॅमेरा आणि सावली

विदर्भाला समुद्र नाही, ही गोष्ट आम्हा मोर्शीकरांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा उन्हाळ्यानेच अधिक नीट शिकवली आहे. मुंबईचा किनारा इथून साडेसहाशे-सातशे किलोमीटर दूर. कोकणातला पाहुणा घरी आला की तो लाटांच्या, होड्यांच्या, कुरव पक्ष्यांच्या थव्यांच्या गोष्टी सांगतो आणि आम्ही संत्र्यांची टोपली त्याच्यापुढे सरकवून ऐकत राहतो. पण गेल्या तीस-बत्तीस वर्षांत पाण्याचा एक काठ आमच्याही वाट्याला आला आहे. सिंभोऱ्याजवळ वर्धा नदी अडवून बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाचा हा काठ. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की अमरावतीपासून माणसे येतात, भाजलेली कणसे खातात, आणि एखादे पोर बापाच्या खांद्यावरून ओरडते, 'समुद्र!' त्या पोराचे फारसे चुकत नाही.

या काठावर पक्षी येतात आणि पक्ष्यांच्या मागोमाग हल्ली कॅमेरेही येतात. या लेखाचा विषय हे कॅमेरेच आहेत. मी स्वतः गेली कित्येक वर्षे कॅमेरा गळ्यात अडकवून या काठावर फिरतो आहे. तेव्हा हे परक्याच्या छंदाला नाव ठेवणे नव्हे. घरातल्या माणसाने घरात केलेले बोलणे आहे, असे समजून वाचकांनी ते वाचावे.

आधी थोडे धरणाविषयी. वर्धा नदी सातपुड्यात, मुलताईच्या परिसरात उगम पावते आणि खाली येता येता अमरावती आणि वर्धा या दोन जिल्ह्यांची सीमा होते. १९९३ साली पूर्ण झालेल्या या धरणाला १३ दरवाजे आहेत, उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर आणि पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ३४२.५० मीटर. अमरावती शहर या पाण्यावर जगते, शेते भिजतात. जलाशयाला नाव मोठे गोड दिले आहे: नल-दमयंती सागर. दमयंती ही विदर्भाची राजकन्या, म्हणजे हे नाव माहेरचेच झाले. या नावाकडे मी पुन्हा येणार आहे.

समुद्राचा किनारा दिवसातून दोनदा भरती-ओहोटीने हलतो. धरणाचा काठ वर्षातून एकदाच हलतो, पण हलतो तो शेकडो मीटर. भाद्रपदात पाणी पार बाभळींच्या मुळांशी येऊन टेकते. पुढे सिंचनाचे आवर्तन सुटते, ऊन तापते आणि पाणी आठवड्या-आठवड्याने मागे सरकते. मागे उरतो तो ओला गाळ. हाच गाळ म्हणजे पक्ष्यांचे पंचपक्वान्नाचे ताट. अळ्या, कृमी, गोगलगायी यांनी तो भरलेला असतो. मार्च संपता संपता पाणी आणखी उतरते आणि बुडालेल्या टेकड्यांचे माथे, जुन्या बांधांचे उंचवटे उघडे पडतात. मुरमाची, गोट्यांची, बोडकी बेटे. आपल्या डोळ्यांना ती ओसाड वाटतात. वस्तुस्थिती अशी आहे की संबंध वर्षातली सर्वांत गजबजलेली वस्ती त्याच महिन्यांत त्याच ओसाड बेटांवर होते.

हिवाळ्यातले पाहुणे वेगळे. टेमिंकचा टिलवा नावाचा एक चिमुकला पक्षी आहे. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाच्या पाच-सहा चमच्यांत मावेल एवढ्या साखरेपेक्षा फार जास्त नाही. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात तो जन्माला येतो आणि थंडी काढायला आपल्या गाळात उतरतो. तुतवार येतात, शेपटी सारखी खालीवर हलवीत. लांब गुलाबी पायांचे शेकाट्या, जणू धोतर वर खोचून पाण्यात उतरलेले गृहस्थ. चक्रवाकांच्या जोड्या येतात. आणि कधी पट्टकादंब दिसतात: डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले ते राखी हंस, जे मंगोलिया-तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येतात आणि ज्यांची उड्डाणे सात हजार मीटरहून उंच नोंदली गेली आहेत. एवढ्या उंचीवरून आलेला जीव वऱ्हाडातल्या हरभऱ्याच्या शेताकडेला शांतपणे चरताना पाहिला की आपल्या तालुक्याचा अभिमान वाटतो.

यांचे फोटो काढावेसे वाटणे यात गैर काहीच नाही. उलट मी तरुणांना सांगतो, अवश्य काढा. पण काठावरचे छायाचित्रण ही धावण्याची कला नाही, बसण्याची आहे. पहाटे उजेडाआधी जाऊन काठापासून अंतर राखून बसावे, सूर्य पाठीशी घ्यावा, मळके कपडे घालावेत आणि कॅमेरा जितका जमिनीलगत आणता येईल तितका आणावा. पोटावर झोपलेल्या माणसाला पक्षी उभ्या माणसाएवढा भीत नाही, आणि चित्रातही पक्षी त्याच्या स्वतःच्या उंचीवरून दिसतो, आपल्या नव्हे. पांढरा पक्षी गडद पाण्यावर असेल तर कॅमेऱ्याचे मोजमाप फसते आणि पक्षी चुन्यासारखा पांढराफटक येतो. तिथे उजेड थोडा कमी करावा. पाठीमागे लख्ख आकाश असेल तर उलट करावे. उडता सुरय हवा असेल तर सेकंदाचा दोन हजारावा भाग ठेवावा. लाटांची चित्रे हवी असतील तर ज्येष्ठातला वारा सुटलेला दिवस निवडावा. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि त्याला मोकळे पाणी किती लांब मिळाले, या तिन्हींवर लाट ठरते. जलाशयावर सगळे जुळून आले की धरणाच्या दगडी उतारावर पाणी असे आपटते की कोकणातल्या पाहुण्यानेही मान डोलवावी. आणि उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर कॅमेरा मिटून घरी यावे. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली की लाखाचे भिंगही मृगजळाचेच चित्र काढते.

एवढे सगळे पाळणारा माणूस हिवाळ्यात पक्ष्यांना फारसा त्रास देत नाही. पक्षी स्वतःच सांगतो. तो चरायचे थांबला, मान उंच केली, अंग खालीवर हलवू लागला, की समजावे आपण त्याच्या अंगणात शिरलो. दोन पावले मागे घ्यावीत. पुनःपुन्हा उडवलेल्या टिलव्याचे खाण्याचे तास बुडतात, आणि परतीच्या प्रवासाची शिदोरी त्याला याच गाळातून बांधायची असते.

खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे, त्या बोडक्या बेटांचा आहे.

त्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतो. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा, दुभंगलेल्या शेपटीचा हा देखणा पक्षी जगाच्या लाल यादीत आज 'असुरक्षित' म्हणून नोंदलेला आहे. त्याच्या शेजारी कंठेरी चिखल्या, आर्ली, टिटवी आणि मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा करवानक. यांपैकी कोणीही आपण ज्याला घरटे म्हणतो ते बांधत नाही. मुरमात एक उथळ खळगा, दोन-चार खडे इकडेतिकडे, झाले घर. अंडी इतकी गोट्यांसारखी की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. टिटवीची अंडी आपल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहेत; तिने ती उंचवट्यावर घातली की पाऊस चांगला, सखल जागी घातली की बेताचा, असा अंदाज बांधणारी म्हातारी माणसे आजही आहेत. अंदाज खरा ठरो वा न ठरो, त्या समजुतीत एक मोठी गोष्ट होती. माणूस ती अंडी लांबून पाहायचा, मोजायचा आणि वखर बाजूने फिरवून न्यायचा.

आता त्या बेटांवर नावेने जाऊन उतरणारी मंडळी आहेत. एका एप्रिलमध्ये मी पलीकडच्या काठावरून दुर्बिणीतून असा एक गट पाहिला. पाच-सहा जण, सगळे सुशिक्षित, सगळ्यांना पक्ष्यांची आवड. पाण्याच्या बाटल्या, टोप्या, तिपायी, मोठाली भिंगे. त्यांनी एकही दगड मारला नाही, एकही अंडे उचलले नाही. ते नुसते बसले. सुरयांचा थवा त्यांच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होता आणि तीच त्यांची चित्रे होती: पंख पसरलेला, चोच उघडलेला, 'आक्रमक' सुरय. मी घड्याळ लावले. पन्नास मिनिटे. माझ्याशेजारी जाळे सोडवीत बसलेला एक भोई माझ्याआधी बोलला. ''सर, हे लोक गेल्याशिवाय थे पाखरं खाली बसनार नाही. अन् तवर अंडी त भाजून जातीन.''

या एका वाक्यात सगळे पक्षिशास्त्र आले. आपल्याला शाळेत शिकवतात की पक्षी अंडी उबवतो. थंड देशातल्या पुस्तकातले ते वाक्य आहे. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पक्षी अंडी उबवीत नाही, थंड ठेवतो. अंड्यातल्या गर्भाला सदतीस-अडतीस अंश मानवतात. एकेचाळीस-बेचाळीसच्या वर तो फार वेळ तग धरत नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सावलीतला पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, उघडा मुरूम तर त्याहून कितीतरी तापतो. म्हणून नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर उभे राहून सावली धरतात. मधूनच उडून पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा देतात. टिटवी हे करते, चिखल्या करतो, सुरय करतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, तीन-साडेतीन आठवडे. त्या बेटावर आईबाप म्हणजे दुसरे काही नसून सावली आहेत. ती सावली पन्नास मिनिटे हवेत ठेवली, तर चित्रातला सुरय कितीही सुंदर आला तरी ते चित्र कशाचे आहे, हे आपले आपणच ओळखावे.

शिवाय कावळे असतात. घार असते. पक्षी उडाला की जी अंडी गोट्यांत हरवलेली होती ती वरून पाहणाऱ्याला सापडतात. आपण टाकलेल्या पुडक्यांच्या वासाने कुत्री येतात, आणि पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडले गेले की त्यांना नावही लागत नाही.

यावर काही जण म्हणतात, जुन्या थोर छायाचित्रकारांनी घरट्यांचीच चित्रे काढली, मग आम्हालाच का अडवता? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे. ब्रिटिश काळात रेल्वेच्या नोकरीत असलेल्या लोदर यांनी भारतातल्या पक्ष्यांची चित्रे काढून १९४९ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पिढीचे बरेचसे काम घरट्यांजवळच झाले. कारण उघड होते. कॅमेरे अवजड, काचा मंद, भिंगांची झेप थोडी. पक्षी एका ठरावीक जागी पुनःपुन्हा येईल अशी खात्री फक्त घरट्यापाशीच. म्हणून आडोसा उभारून तासन् तास बसावे लागे. मी स्वतः रिळाच्या जमान्यात सुरुवात केली. एका रिळात छत्तीस चित्रे, रीळ धुवायला अमरावतीला पाठवायचे आणि आठ दिवस वाट पाहायची. आज पाचशे-सहाशे मिलिमीटरची भिंगे मोर्शीतल्या तरुणांकडे आहेत, सेकंदाला वीस-वीस चित्रे निघतात, आणि उडत्या पक्ष्याचा डोळा कॅमेरा आपणहून शोधतो. ज्या अडचणीपायी घरट्यापाशी जावे लागत होते ती अडचणच संपली. अडचण संपल्यावर सवलतही संपायला हवी. आता घरट्याचे चित्र ही गरज राहिलेली नाही, केवळ सोय राहिली आहे. आणि सोयीचा हिशेब दुसऱ्याच्या पिलांकडून वसूल करणे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छायाचित्र हा पुरावा असतो. पुरावा नसेल तर संरक्षण कशाचे करणार? हे मला पूर्ण मान्य आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मेळघाटात आज रानपिंगळा आहे. १८८४ नंतर या घुबडाचा एकही विश्वासार्ह नमुना नव्हता. १९१४ सालचा म्हणून दाखवला जाणारा नमुना बनावट असल्याचे पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासिकेने सिद्ध केले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात तो जिवंत सापडला. तिथेच त्याची चित्रफीत आणि छायाचित्रे घेतली गेली. एकशे तेरा वर्षांची शंका त्या चित्रांनी फिटली. पुढे मेळघाटातही तो आढळला. पट्टकादंबांच्या गळ्यात मंगोलियातल्या संशोधकांनी घातलेल्या रंगीत पट्ट्यांवरचे क्रमांकही भारतात अनेकदा छायाचित्रांतूनच वाचले गेले आहेत. एखाद्या हौशी माणसाने लांबून काढलेल्या चित्रात तो क्रमांक दिसतो आणि हजारो किलोमीटरचा प्रवास कागदावर येतो.

पण पाहा, या दोन्ही उदाहरणांत चित्राचे मोल कशात होते? जवळीकीत नव्हे. नोंदीत होते: कोणता पक्षी, कुठे, केव्हा. दोनशे मीटरवरून काढलेले, जरा धूसर, पण तारीख-ठिकाण असलेले सुरयांच्या थव्याचे चित्र अभ्यासकाच्या उपयोगी पडते. डोळ्यातली बाहुली दिसणारे, पण कुठले-कधीचे हे न सांगणारे चित्र फक्त आपल्या कौतुकाच्या उपयोगी पडते. घरट्यांचा अभ्यास खरोखर करायचा तर तो रीतसर परवानगीने, ठरावीक पद्धतीने, मोजक्या माणसांनी करावा. बाकीच्यांनी काठावरून मोजावे. मोजणे हेसुद्धा पक्षिप्रेमच आहे.

कायद्याचे म्हणाल तर तो याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणे येते. म्हणजे बंदूक हाती नसलेला माणूसही शिकारी ठरू शकतो. पण बेटाबेटावर पहारेकरी उभा करणे कोणत्याही खात्याला जमणार नाही, आणि जमावे अशी माझी इच्छाही नाही. छंद हा माणसाने स्वतःच्या मर्जीने पत्करलेला असतो. त्याची शिस्तही त्यानेच पत्करायची असते.

मुल्कीच्या समुद्रावर, कर्नाटकात, लाटांवर फळी टाकून उभे राहणाऱ्या तरुणांची चित्रे काढणारा एक नातलग मला भेटला होता. आमच्या दोघांच्या छंदांत बरेच साम्य निघाले. दोघांनाही पाणी वाचावे लागते, दोघांनाही पहाटेचा उजेड हवा, दोघांचीही शंभरातली नव्वद चित्रे वाया जातात. पण एक फरक त्यानेच बोलून दाखवला. लाटेवरचा पोरगा पाण्याबाहेर आला की धावत येऊन विचारतो, 'माझा फोटो कसा आला?' त्याला चित्र हवे असते. पक्ष्याला नको असते. तिथे संमती एकाचीच असते, आणि म्हणून जबाबदारीही त्या एकावरच पडते. मुंबईच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांना गाठी-शेव टाकून त्यांच्या गर्दीत आपली चित्रे काढून घेणारी कुटुंबे आपण पाहतो. तेलकट शेव हे काही कुरवांचे अन्न नव्हे. पण पक्षी जवळ आला, म्हणजे तो आनंदात आहे असे आपण समजतो. जवळ येणे आणि आनंदात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

इथे कोणी विचारेल, काठावर फक्त कॅमेरेवालेच असतात का? नाही. भोई असतात, गुरे असतात, आणि उतरत्या पाण्यामागे गाळपेर करणारे शेतकरी असतात. त्यांना आधी का सांगत नाही? याचे उत्तर मला या काठाचा इतिहास आठवून द्यावे लागते. हे पाणी ज्या जमिनींवर उभे आहे त्या कोणाच्या तरी होत्या. तळाशी गावे आहेत, विहिरी आहेत, देवळांचे ओटे आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये याच धरणाचे प्रकल्पग्रस्त, मोर्शीत कित्येक दिवस आंदोलन करून दाद न मिळाल्यावर, मुंबईला मंत्रालयात गेले आणि तिथल्या संरक्षक जाळीवर त्यांनी उड्या घेतल्या. धरण पूर्ण झाल्यानंतर तीस वर्षांनीही ज्यांचा हिशेब मिटलेला नाही, त्यांना उन्हाळ्यात काठाची एक पट्टी कलिंगडासाठी नांगरू नका, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांचे काठावर येणे पोटासाठी आहे, आपले हौसेसाठी. ज्याच्याकडे सोडण्यासारखे आहे त्यानेच आधी सोडावे, हा साधा न्याय आहे. आणि खरे सांगायचे तर माझ्या पाहण्यातले बहुतेक भोई त्या बेटांना वळसा घालून नाव नेतात. त्यांना कोणी पुस्तक वाचून दाखवलेले नाही.

आता त्या नावाकडे येतो. नल-दमयंतीची गोष्ट महाभारतात आहे आणि आपल्या आजी-पणजींच्या तोंडी ती होतीच. राजा रविवर्मा यांनी १८९९ साली रंगवलेली हंसाशी बोलणारी दमयंती तर आपल्या ओळखीचीच. त्या चित्रामुळे आपल्याला हंसाचे बोलणे लक्षात राहिले, पण त्याआधी काय घडले ते आपण विसरतो. नलराजाने उपवनात सोन्याच्या पंखांचा एक हंस पकडला. हंस म्हणाला, मला सोड, मी तुझे काम करीन. आणि राजाने हातात आलेला तो पक्षी सोडला. त्यानंतरच हंस विदर्भात आला, दमयंतीशी बोलला आणि पुढची सगळी कथा घडली. राजाने हंस सोडला नसता तर गोष्ट तिथेच संपली असती. राजवाड्यात एक शोभेचा पक्षी वाढला असता, एवढेच. संस्कृतातला हंस म्हणजे नेमका कोणता पक्षी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अनेक जण पट्टकादंबाकडे बोट दाखवतात. तसे असेल तर नल-दमयंती सागरावर उतरणारा तो राखी हंस आपल्या हक्काच्या पाण्यावरच उतरतो, असे म्हणायला हरकत नाही.

हातात आलेले सोडून देण्याची ही रीत आपल्या काठावर आणणे फार कठीण नाही. मला सुचतात त्या गोष्टी मोजक्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काठ कॅमेऱ्यांचा असू द्यावा; मार्च सुरू झाला की बेटांवर पाऊल ठेवू नये आणि नाव शंभर-दीडशे मीटर लांब ठेवावी, ती पावसाळा लागेपर्यंत. घरट्याचे, अंड्यांचे, पिलांचे चित्र कोणी पाठवले तर वाहवा करू नये. नुसते गप्प राहिले तरी पुरे. वाहवा थांबली की निम्मी गर्दी थांबते. अनेक छायाचित्र स्पर्धांनी घरट्यांची चित्रे घेणे बंद केलेच आहे. आपल्या तालुक्यातल्या, शाळा-महाविद्यालयांतल्या स्पर्धांनीही तो नियम करावा. विणीची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नये. आणि भोई बांधवांना हिवाळ्यात वाटाडे म्हणून सोबत घ्यावे, त्यांना योग्य मोबदला द्यावा. उजनीच्या पाण्यावर, भिगवणकडे, मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतली तरुण मुले पक्षी दाखवण्याचे काम करतात, ते आपल्याकडेही होऊ शकते. नाव कुठे थांबवायची हे त्यांनी ठरवावे, पाहुण्याने नव्हे.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सलीम अली यांच्या. चितमपल्लींनी मेळघाटच्या रानात नोकरी केली आणि मराठीला 'पक्षिकोश' दिला. पक्ष्यांना नावाने हाक मारायला आपण त्यांच्याकडून शिकलो. त्या सप्ताहात घराघरांतून मुलांना घेऊन काठावर यावे, असे मला मनापासून वाटते. दुर्बीण नसली तरी चालेल. शेकाट्याचे पाय मुलाला उघड्या डोळ्यांनी दिसतात आणि चक्रवाकाचा आवाज तर दुरूनच ऐकू येतो.

मात्र एप्रिलमध्ये मुलाने विचारले, ''बाबा, त्या बेटावर काय आहे? जाऊ या का?'' तर त्याला सांगावे, तिथे या वेळी कोणीतरी कोणासाठी तरी उन्हात उभे आहे. आपण इथूनच पाहू.